'किनाऱ्याजवळ' एक की दोन? : जावास्क्रिप्टच्या प्लग-इनचा इतिहास आणि आपलं संशोधन



पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी मला सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न विचारतात. "दादा, विषय कसा शोधायचा?" मी प्रत्येक वेळी काहीतरी गोल गोल उत्तर देतो. म्हणून आज उत्तर द्यायच्या ऐवजी एक उदाहरणच तुमच्यासमोर ठेवतो. उदाहरण अगदी किरकोळ वाटेल : जावास्क्रिप्ट लिहिण्यासाठी एडिटरमध्ये प्लग-इन कसे बसवायचे. हा काय संशोधनाचा विषय झाला? यूट्यूबवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघितला की काम झालं! मलाही तसंच वाटायचं. शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

मी संगणकाच्या साधनांच्या इतिहासावर काम करतो. म्हणजे संगणकाचा इतिहास नाही, तर लोक संगणकावर काम करताना जी हत्यारं वापरतात त्यांचा इतिहास. सुतार पटाशी वापरतो तसा प्रोग्रामर एडिटर वापरतो. ती पटाशी कुणी घडवली, तिची धार अशीच का, हे माझे प्रश्न.

नवापूरची गोष्ट

आमचं गाव नवापूर. पालघर जिल्हा, बोईसर स्टेशनवर उतरायचं आणि समुद्राच्या दिशेने यायचं. एका बाजूला तारापूरचं अणुविद्युत केंद्र, जे १९६९ साली सुरू झालं. दुसऱ्या बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत. आणि समोर समुद्र. औद्योगिक वसाहतीतलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वाहिनीतून नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. मच्छीमार समाजाची संघटना हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत घेऊन गेली. तेव्हा आमच्याकडे 'मासे किनाऱ्याजवळ मिळतात की लांब जावं लागतं' हा गप्पांचा विषय नसतो, पोटाचा असतो.

सुट्टीत घरी गेलो होतो. माझी मामेबहीण एमएस्सी झाली आहे आणि आता पीएचडीच्या तयारीला लागली आहे. तिने स्वतःहून एक छोटा अभ्यास सुरू केला होता. गावातल्या होडीवाल्यांशी बोलून प्रत्येक फेरीची नोंद करायची : कोणता मासा, कधी, कुठे. 'कुठे' या रकान्यात तीनच उत्तरं. किनाऱ्याजवळ, खाडीच्या तोंडाशी, खोल पाण्यात. काही नोंदी तिने होडीवरून उतरणाऱ्या माणसांशी बोलता बोलता मोबाइलवर टाइप केल्या, काही घरी येऊन लॅपटॉपवर. मग सगळ्या एका जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये यादी करून टाकल्या आणि मोजणी करणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला.

मी पोहोचलो तेव्हा ती वैतागून बसली होती. मोजणीमुळे नाही, एडिटरमुळे.

"दादा, व्हिडिओत सांगितलं तसं सगळं केलं. ईएसलिंटचं एक्स्टेंशन टाकलं, त्यात दाखवली तशी कॉन्फिग फाइल बनवली. काहीच होत नाही. आणि हॉटस्पॉटचा डेटा संपत आला."

"व्हिडिओ कधीचा आहे गं?"

"२०१९ चा. का?"

त्या 'का'चं उत्तर द्यायचं तर मला तिला पंचवीस वर्षांचा इतिहास सांगावा लागला. तोच आता तुम्हाला सांगतो.

सुरुवात : चूक सांगणारं कुणीच नाही

जावास्क्रिप्टचा पहिला नमुना ब्रेंडन आइक याने मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत तयार केला. हे वाक्य तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल. इथे थांबा, कारण संशोधनाचा पहिला धडा इथेच आहे. 'दहा दिवसांत भाषा तयार झाली' आणि 'दहा दिवसांत पहिला नमुना तयार झाला' ही दोन वेगळी विधानं आहेत. भाषा जगासमोर जाहीर झाली ४ डिसेंबर १९९५ ला आणि तिचं पहिलं प्रमाणित रूप आलं जून १९९७ मध्ये. मधल्या काळात बरंच काही बदललं. आइक आणि ॲलन वर्फ्स-ब्रॉक यांनी २०२० साली जावास्क्रिप्टच्या पहिल्या वीस वर्षांवर एक मोठा शोधनिबंध लिहिला. सांगोवांगीची गोष्ट आणि मूळ साधन यात फरक काय असतो, हे बघायचं असेल तर तो वाचा.

आता मुद्दा असा. ही भाषा मुद्दाम सैल ठेवली होती. वेबपान बनवणाऱ्या, प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही वापरता यावी म्हणून. सेमीकोलन विसरलात? भाषा स्वतः टाकून घेईल. व्हेरिएबलला किंमत देताना नावात एक अक्षर चुकलं? ती म्हणेल, ठीक आहे, नवीन व्हेरिएबल समजू. पान चालू राहील आणि उत्तर चुकीचं येईल. आणि लिहिणारा लिहायचा कशात? साध्या नोटपॅडमध्ये. म्हणजे चूक सांगणारा एकच, तो म्हणजे ब्राउझर. तोही निम्म्या वेळा गप्प.

सी भाषेत हा प्रश्न आधी येऊन गेला होता. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन याने १९७८ साली 'लिंट' नावाचं साधन लिहिलं. लिंट म्हणजे कपड्यावर चिकटलेले धाग्याचे बारीक तुकडे. कापड फाटलेलं नाही, पण झटकून घ्या, असा अर्थ. प्रोग्राम चालतोय, पण इथे तुम्हाला नक्की हेच म्हणायचं आहे का, असं विचारणारं साधन.

जावास्क्रिप्टसाठी हे काम २००२ साली डग्लस क्रॉकफर्ड याने केलं. त्याचं नाव जेएसलिंट. पण जेएसलिंट क्रॉकफर्डच्या मताने चालायचं. त्याला जे वाईट वाटतं ते वाईट. लोक कंटाळले. २०११ मध्ये अँटोन कोव्हाल्योव्ह याने त्याचीच एक फांदी फोडून जेएसहिंट काढलं, ज्यात बरेचसे नियम चालू-बंद करता येत होते. आणि २०१३ मध्ये निकोलस झाकास याने ईएसलिंट सुरू केलं. त्यात प्रत्येक नियम हा स्वतंत्र तुकडा होता आणि तुम्ही स्वतःचा नियमही लिहून जोडू शकत होतात.

बघा, हा क्रम नुसत्या साधनांचा नाही. आधी एका माणसाचं मत. मग त्या मतातून सवलत. मग प्रत्येकाला आपलं मत मांडायची सोय. 'चांगला कोड कोणता हे कोण ठरवणार' या भांडणाचा हा इतिहास आहे. विषय असा सापडतो : साधनाच्या आवृत्त्या बघायच्या आणि विचारायचं, इथे भांडण कुणाचं होतं?

दुसरी बाजू : प्रत्येक एडिटरला वेगळं शिकवायचं

चूक दाखवणारं साधन आलं, पण ते एडिटरच्या बाहेर होतं. लिहायचं एकीकडे आणि तपासायचं दुसरीकडे. मग साहजिकच वाटलं, एडिटरलाच हे सगळं का शिकवू नये?

एडिटरला नवीन काही शिकवायची कल्पना जुनी आहे. रिचर्ड स्टॉलमनचा ईमॅक्स १९७६ चा. त्याची ख्यातीच ही, की वापरणारा त्यात स्वतःच्या आज्ञा भरू शकतो. पुढे २००१ साली आयबीएमने इक्लिप्स खुलं केलं. त्यात तर गाभा अगदी लहान आणि बाकी सगळं प्लग-इन. इक्लिप्समध्ये जावास्क्रिप्टसाठी जेएसडीटी नावाचा संच होता. मधला काही काळ बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये इक्लिप्सच असायचं. 'हेल्प' मेन्यूत जाऊन 'इन्स्टॉल न्यू सॉफ्टवेअर' दाबायचं आणि चहा पिऊन यायचं, हा अनुभव तुमच्या सीनियरना विचारा.

पण अडचण बघा. ईमॅक्ससाठी २००८ मध्ये स्टीव्ह येगी याने जावास्क्रिप्ट समजून घेणारं एक मोठं प्लग-इन लिहिलं. ते ईमॅक्सच्या लिस्प भाषेत होतं, म्हणजे इक्लिप्सला त्याचा उपयोग शून्य. इक्लिप्सचं प्लग-इन जावात, म्हणून विमला त्याचा उपयोग शून्य. सब्लाइम टेक्स्टचं पायथनमध्ये. जावास्क्रिप्ट भाषा एकच, पण तिचं ज्ञान प्रत्येक एडिटरसाठी नव्याने, नव्या भाषेत, नव्या माणसाने लिहायचं. हिशोब करा. दहा भाषा आणि वीस एडिटर असतील तर दोनशे प्लग-इन लागतात. प्रत्येकात थोडे थोडे वेगळे दोष. एक माणूस कंटाळला किंवा त्याला नोकरी लागली की ते प्लग-इन बंद.

यावर पहिली चांगली युक्ती जावास्क्रिप्टच्या बाजूने मारायन हावरबेके याने काढली. २०१३ मध्ये त्याने लोकवर्गणीतून 'टर्न' नावाचं साधन लिहिलं. टर्न हा एडिटरचा भागच नव्हता. तो शेजारी चालणारा वेगळा प्रोग्राम होता. एडिटर त्याला विचारायचा, "या ठिकाणी टिंब दिलं आहे, पुढे काय काय येऊ शकतं?" आणि टर्न उत्तर द्यायचा. ईमॅक्स, विम, सब्लाइम, सगळ्यांसाठी एकच टर्न. प्रत्येक एडिटरमध्ये फक्त प्रश्न विचारणारा छोटा दूत बसवायचा.

हीच कल्पना पुढे मोठी झाली. मायक्रोसॉफ्टने २९ एप्रिल २०१५ ला व्हीएस कोड जाहीर केला. त्याच्या मागे एरिख गामा होता. हाच माणूस पूर्वी इक्लिप्सच्या जावा साधनांचा प्रमुख होता. म्हणजे प्लग-इनच्या जुन्या व्यवस्थेची सुखदुःखं त्याने स्वतः बघितली होती. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी मिळून लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. एडिटरने भाषेच्या सर्व्हरला प्रश्न कसे विचारायचे आणि उत्तरं कशी घ्यायची, याचा हा ठरलेला नमुना. आता दहा भाषांचे दहा सर्व्हर आणि वीस एडिटरांचे वीस दूत, एकूण तीस. दोनशेचे तीस झाले.

इथे एक सावधगिरी. ही गोष्ट 'अंधारातून उजेडाकडे' अशी सांगायचा मोह होतो. तसं लिहू नका. गिटहबने २०१४ मध्ये आणलेला ॲटम नावाचा एडिटर एकेकाळी विद्यार्थ्यांचा लाडका होता. त्याच्यासाठी तयार झालेलं इलेक्ट्रॉन व्हीएस कोडने पायाला घेतलं. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतलं आणि १५ डिसेंबर २०२२ ला ॲटम बंद झाला. त्याच्यासाठी हौसेने प्लग-इन लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट उजेडाची नाही. इतिहासात जिंकलेल्याची कागदपत्रं आयती मिळतात. हरलेल्याची मुद्दाम शोधावी लागतात.

तर मग बहिणीचं काय चुकलं?

आता परत नवापूरला येऊ. तिच्या लॅपटॉपवर दोन अडचणी होत्या आणि दोन्हींची उत्तरं वरच्या इतिहासात आहेत.

पहिली : एक्स्टेंशन टाकलं तरी काही होत नाही. कारण व्हीएस कोडमधलं ईएसलिंट एक्स्टेंशन म्हणजे खुद्द ईएसलिंट नाही. तो नुसता दूत आहे. खरं ईएसलिंट तुमच्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये नोड आणि एनपीएम वापरून वेगळं बसवावं लागतं. तिने दूत बोलावला होता, पण ज्याच्याकडे निरोप न्यायचा तोच घरात नव्हता. बिचारा दूत दारात उभा.

दुसरी : व्हिडिओतली कॉन्फिग फाइल. एप्रिल २०२४ मध्ये ईएसलिंटची नववी आवृत्ती आली आणि त्यात कॉन्फिग लिहायची पद्धत बदलली. जुन्या नावाची फाइल ठेवली तर नवी आवृत्ती तिच्याकडे आपणहून बघतच नाही. २०१९ चा व्हिडिओ खोटा नव्हता. तो २०१९ चा होता, एवढंच.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी एक गंमत आहे. उत्खननात नाणं सापडलं की त्या थराचा काळ कळतो. तसंच एखाद्या जुन्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये कोणत्या नावाची कॉन्फिग फाइल आहे यावरून तो कोणत्या काळातला हे बऱ्यापैकी सांगता येतं. जेएसहिंटची फाइल दिसली तर बहुधा २०११ नंतरची काही वर्षं. ईएसलिंटची जुन्या पद्धतीची फाइल असेल तर त्यानंतरचा काळ. सोबत प्रेटिअरची असेल तर २०१७ च्या आधीची नाही, कारण प्रेटिअर आलंच जानेवारी २०१७ मध्ये. आणि नव्या पद्धतीची फाइल असेल तर अगदी अलीकडची. अर्थात नाणं जसं खालच्या थरात घरंगळू शकतं तशी फाइलही नंतर बदललेली असू शकते. म्हणून नोंदींचा इतिहास, म्हणजे गिटचा लॉग, ताडून बघायचा.

तिला मी शेवटी काय सांगितलं तेही लिहून ठेवतो, कारण तुमच्यातले बरेच जण यासाठीच आले असतील. जावास्क्रिप्टसाठी व्हीएस कोडमध्ये दहा प्लग-इन टाकू नका. नावं सुचवणं, व्याख्येकडे उडी मारणं, हे सगळं त्यात मुळातच आहे. ते टाइपस्क्रिप्टच्या यंत्रणेवर चालतं. वरून दोनच गोष्टी पुरतात. चुका दाखवायला ईएसलिंट, आणि मांडणी नीट ठेवायची असेल तर प्रेटिअर. दोन्ही प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये बसवा, म्हणजे आवृत्ती त्या प्रकल्पासोबत राहते. एनपीएम जी लॉक फाइल बनवतं ती पुसू नका. उद्या परीक्षकाने विचारलं की हे आकडे कोणत्या साधनावर काढले, तर तीच तुमची साक्षीदार.

आणि जास्त प्लग-इन का नकोत, याला वेगाशिवाय आणखी एक कारण आहे. १२ जुलै २०१८ ला ईएसलिंटच्या कुटुंबातल्या 'ईएसलिंट-स्कोप' या पॅकेजची एक दूषित आवृत्ती एनपीएमवर चढवली गेली. ज्याने ती बसवली त्याच्या संगणकावरून एनपीएमची किल्ली, म्हणजे टोकन, चोरायचा तिचा डाव होता. कारण काय? सांभाळणाऱ्यांपैकी एकाने तोच पासवर्ड दुसरीकडेही वापरला होता आणि दुहेरी पडताळणी चालू केलेली नव्हती. काही तासांत ते लक्षात आलं आणि एनपीएमने त्या वेळेपर्यंतची सगळी टोकन रद्द केली. ईएसलिंटच्या चमूने काय घडलं ते सविस्तर लिहून जाहीर केलं. तो अहवाल माझ्या दृष्टीने आदर्श ऐतिहासिक साधन आहे : वेळेनिशी आणि स्वतःची चूक न लपवता लिहिलेलं. प्लग-इन म्हणजे परक्या माणसाला दिलेली घराची किल्ली. जितक्या कमी माणसांना द्याल तितकं बरं.

आणि मग खरी चूक सापडली

एवढं सगळं झाल्यावर ईएसलिंट चालू झालं. लाल रेषा आल्या, त्या तिने दुरुस्त केल्या. एका ठिकाणी व्हेरिएबलच्या नावात खरंच चूक होती. शेवटी एकही रेषा उरली नाही. तिने प्रोग्राम चालवला. सगळ्यात जास्त फेऱ्या 'खोल पाण्यात'.

"बघ दादा, म्हणजे किनाऱ्याजवळ जायचं लोकांनी जवळजवळ सोडलंच आहे."

मामा बाजूला जाळं विणत बसले होते. ते म्हणाले, "असं कसं होईल? निम्म्या होड्या तर इथेच असतात."

मामांचं वाक्य आणि संगणकाचं उत्तर, दोन्ही जुळत नव्हती. अशा वेळी नवा संशोधक काय करतो? संगणकावर विश्वास ठेवतो. आम्हीही क्षणभर तेच करणार होतो. पण निकालाची यादी नीट बघितली तेव्हा दिसलं की 'कुठे' या रकान्यात तीनच्या ऐवजी चार उत्तरं आहेत. खोल पाण्यात, खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्याजवळ आणि पुन्हा एकदा किनाऱ्याजवळ. डोळ्यांना अगदी सारखी. मी दोन्ही शब्दांची लांबी प्रोग्रामला विचारली. एकाची आली ११, दुसऱ्याची १२.

भूत कुठे होतं? 'ऱ्य' मध्ये. मराठीत 'सूर्य' मधला र डोक्यावर जातो आणि 'किनाऱ्या' मधला र आडव्या कोरीसारखा पुढच्या अक्षराला चिकटतो. 'आचार्यांचा' आणि 'आचाऱ्यांचा' यात केवढा फरक आहे हे शाळेत आपण शिकलो. युनिकोडमध्ये हा कोरीचा र दोन पद्धतींनी लिहिता येतो. एक म्हणजे साधा र, हलंत आणि मग डोळ्यांना न दिसणारं जोडक चिन्ह. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीची, म्हणजे १९९६ ची, ही पद्धत. दुसरी म्हणजे नुक्ता असलेला ऱ आणि हलंत. हा ऱ मुळात द्राविडी भाषांतला एक उच्चार देवनागरीत दाखवण्यासाठी ठेवलेला आहे, पण त्याच्या अर्ध्या रूपाला मराठीच्या कोरीचं काम दिलं गेलं. पुढे हीच पद्धत मुख्य झाली आणि जुनं लिखाण मोडू नये म्हणून पहिलीही चालू ठेवली. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ साठी वेगळी कळ आहे. काही कीबोर्ड मात्र न दिसणारं चिन्ह टाकतात. तिचा मोबाइल एका पद्धतीचा निघाला आणि लॅपटॉप दुसऱ्या.

म्हणून 'किनाऱ्याजवळ'च्या फेऱ्या दोन ढिगांत वाटल्या गेल्या आणि दोन्ही ढीग 'खोल पाण्यात'पेक्षा लहान दिसले. एकत्र केल्यावर पहिला क्रमांक किनाऱ्याचाच आला. मामा बरोबर होते.

नीट विचार करा, हे किती धोक्याचं होतं. ज्या गावात किनाऱ्यालगतच्या पाण्यावरून वाद लवादात जातो, त्या गावाबद्दल 'किनाऱ्याजवळ आता फारसं कुणी जात नाही' असं वाक्य एखाद्या प्रबंधात छापून आलं असतं, तर ते कुणाच्या बाजूने वापरलं गेलं असतं? आणि हे वाक्य लिहिणारी मुलगी त्याच गावची!

आता मुख्य गोष्ट. ईएसलिंट गप्प बसलं होतं. एकही रेषा नव्हती. त्याचा दोष नाही. जावास्क्रिप्टच्या नियमांनुसार दोन्ही शब्द बरोबर आहेत. २०१५ पासून जावास्क्रिप्टमध्ये युनिकोड एकसारखं करून देणारं नॉर्मलाइझ नावाचं साधन आहे, पण तेही या दोन रूपांना एक मानत नाही. ते र आणि वेगळा नुक्ता यांचा एक ऱ करतं, न दिसणाऱ्या चिन्हाला मात्र हात लावत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवून दिलं की न दिसणारी चिन्हं वापरून कोडमध्ये घातपात लपवता येतो. त्यानंतर लगेच व्हीएस कोडने संशयास्पद युनिकोड चिन्हं ठळक दाखवायची सोय केली. म्हणजे काळजी घेतली गेली, पण हल्लेखोराच्या भीतीने. मराठीतल्या किनाऱ्याची काळजी कुणी केली नव्हती, कारण त्या खोलीत ती अडचण असलेला माणूस नव्हता.

मग आम्हीच केलं. मोजणीच्या आधी प्रत्येक शब्दातलं जुनं रूप बदलून नवं करणारी एक ओळ घातली. आणि ईएसलिंटमध्ये आपणच एखादा नमुना निषिद्ध ठरवायची सोय आहे, तिथे हे न दिसणारं चिन्ह टाकलं. यादी जावास्क्रिप्टच्या फाइलमध्येच होती, म्हणून हे जमलं. नोंदी वेगळ्या डेटा फाइलमध्ये असत्या तर लिंटने तिकडे बघितलंही नसतं. पुन्हा तपासणी चालवली. मघाशी स्वच्छ असलेली फाइल लाल रेषांनी भरली.

तुमच्यासाठी

या सगळ्यातून माझ्या कामाचा प्रश्न मला नीट मांडता आला, तो असा : एडिटरच्या प्लग-इनमध्ये साठलेलं शहाणपण कुणाच्या चुकांतून आलं, आणि कुणाच्या चुका त्यात अजून पोहोचल्याच नाहीत? लिंटचा प्रत्येक नियम म्हणजे कधीतरी, कुठेतरी कुणालातरी बसलेला फटका आहे. क्रॉकफर्डला बसलेला, झाकासला बसलेला. आपल्याला बसलेले फटके आपण लिहून ठेवले नाहीत तर ते कोणत्याही नियमात येणार नाहीत.

विषय शोधताना चार गोष्टी करून बघा.

एक, रोज ज्याचा वैताग येतो ते साधन घ्या आणि ते असंच का आहे हे विचारा. 'असंच असतं' हे उत्तर मान्य करू नका.

दोन, मूळ साधनं वाचा. सॉफ्टवेअरच्या इतिहासात ती ताम्रपटात नसतात. आवृत्तीच्या नोंदी, बदलांची यादी, चूक नोंदवणाऱ्याचं पत्र आणि त्याला आलेलं उत्तर, गिटचा लॉग. हे सगळं आज उघडं आहे, उद्या असेलच असं नाही. ज्याचा उपयोग करणार त्याची प्रत तारखेसह ठेवा.

तीन, आपलं कामाचं वातावरण पद्धतीच्या प्रकरणात नोंदवा. कोणता एडिटर, कोणते प्लग-इन, कोणत्या आवृत्त्या, टायपिंगसाठी कोणता कीबोर्ड. हो, कीबोर्डसुद्धा. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने.

चार, साधन गप्प आहे म्हणजे सगळं बरोबर आहे असं धरू नका. साधनाचं उत्तर आणि जाळं विणत बसलेल्या माणसाचं म्हणणं जुळत नसेल, तर आधी साधन उघडून बघा.

आज एवढा गृहपाठ करा. तुमच्याकडचा कोणताही मराठी मजकूर घ्या, मोबाइलवर लिहिलेला आणि लॅपटॉपवर लिहिलेला. त्यात 'वाऱ्यावर', 'खाऱ्या', 'दुसऱ्या', 'किनाऱ्या' असे शब्द शोधा आणि त्यांची लांबी मोजा. सारखी आली तर आनंद आहे. वेगळी आली तर तुमच्या आधीच्या सगळ्या मोजण्या एकदा परत काढा.

बहिणीने काढल्या. तिच्या वहीत आता 'कुठे' या रकान्यासमोर पेन्सिलीने लिहिलं आहे : मामांना दाखवून मग पक्कं करणे.

भेटू पुढच्या लेखात.